नवस आईचा, मासे सावंतचे

भारतातून कुणी सिंगापूरला यायचं ठरवलं की विमानाचं तिकीट काढायच्या आधी मला मेसेज येतो. "वैशाली, तिकडे जेवायला कुठे जायचं गं?" मी इथे बरीच वर्षं राहते, रोज दुपारी बाहेर जेवते, तेव्हा मला सगळं माहीत असणार असा लोकांचा समज! खरं सांगू? माझ्याकडे पत्ते कमी आणि किस्से जास्त. एखादं दुकान सांगायला जावं तर त्याला चिकटून किस्सा येतो, किश्शात दामले येतो, दामले आला की सावंत येतो, आणि विचारणारी बिचारी शेवटी घरूनच दशम्या बांधून आणते.

आम्ही चौघं एका शिपिंग कंपनीत. ऑफिस तांजोंग पगारला, बंदराजवळ. मी अकाउंट्सला. दामले ठाण्याचा, इंटर्नल ऑडिटला. सावंत ऑपरेशन्सला, म्हणजे कुठलंही जहाज कुठेही अडकलं की पहिला फोन त्याचा वाजतो. वाढला परळला, पण मूळ गाव मालवणच्या पलीकडे, आणि आई अजून तिथेच. चौथी प्राची, पुण्याहून नुकतीच आयटीत आलेली, आमच्यातली सगळ्यात लहान.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'आज कुठे?'. सकाळी अकराच्या सुमाराला दामले तेवढेच दोन शब्द टाकतो आणि मग तासभर कंपनीचं काम रामभरोसे!

*

दामलेबद्दल आधी सांगून टाकते. हा माणूस शुद्ध शाकाहारी, आणि जे खाईल त्याला नावं ठेवणार. इडली खाल्ली तर "पीठ आंबलंय, पण मनापासून नाही." चहा प्यायला तर "पाणी छान उकळलंय. आता चहा आणा." आयुष्यात एकदाही या माणसाने कुठल्या पदार्थाला चांगलं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. बायकोच्या हातच्या डब्यावरसुद्धा याचं ऑब्झर्वेशन असतं. फक्त ते तो आम्हाला सांगतो, तिला नाही. तेवढी अक्कल आहे.

एकदा लिटल इंडियाच्या बाजूला नवं रेस्टॉरंट उघडलं. मेनूत चक्क मिसळ! आम्ही धावत गेलो. मिसळ आली. तिच्यात राजमा, वर किसलेलं चीज आणि बरोबर नान. मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात मॅनेजर हसत हसत आला. दिल्लीकडचा गोड मुलगा. म्हणाला, "सर, खाना कैसा लगा?"

मी मनात म्हटलं, अरे पळ बाबा!

दामलेने तोंड पुसलं. म्हणाला, "बैठो." आणि सुरू झाला. राजमा का नको, मटकी कशी असते, कट म्हणजे काय, चीज हा गुन्हा कसा आहे. शेवटी मॅनेजर खुर्चीत घाम पुसत बसलेला आणि आम्ही तिघं पर्सा-बॅगा घेऊन उभे!

पुढच्या महिन्यात परत गेलो, तर मेनूवर मिसळीच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवलेली. प्राची हळहळली. "दामले सर, तुमच्यामुळे त्यांनी पदार्थच बंद केला हो!"

दामलेची छाती फुगली. "याला म्हणतात करेक्टिव्ह ॲक्शन!"

*

प्राची नवीन होती तेव्हाची गोष्ट. ऑफिसखाली फूड सेंटर आहे. दुपारी बारानंतर तिथे बसायला जागा मिळणं म्हणजे लॉटरी. इथली पद्धत अशी, की टेबलावर टिश्यूचं पुडकं ठेवायचं आणि खुशाल रांगेत जायचं. जागा तुमची. कुणी हात लावत नाही.

प्राचीला हे आम्ही समजावून सांगितलं होतं. पण त्या दिवशी तिच्याकडे टिश्यू नव्हते. तिने काय करावं? आईने पाठवलेल्या मसाल्याची भरली वांगी स्वतः केली होती, तो अर्धा खाल्लेला स्टीलचा डबा उघडाच टेबलावर ठेवला आणि लिंबू सरबत आणायला गेली.

परत येते तो टेबल चकाचक! डबा नाही. दूरवर सफाईवाल्या काकांच्या गाडीत उष्ट्या ताटल्यांच्या ढिगावर तो चमकताना दिसला. ही "अंकल! अंकल!" करत धावली. तोवर गाडी आत गेलेली. मग आतून एक आंटी आली आणि तिच्या हातात डबा ठेवला. घासलेला, पुसलेला, झाकण लावलेला. वांगी अर्थातच गेलेली.

प्राचीच्या डोळ्यांत पाणी! तिथूनच तिने पुण्याला आईला फोन लावला. आम्हाला वाटलं, आता माऊली हळहळणार. फोन स्पीकरवर होता. पलीकडून आवाज आला, "अगं बाई! तिथे जेवल्यावर डबासुद्धा घासून देतात? मग तू तिथेच राहा. इथे आपल्या बाईने आज परत दांडी मारलीय!"

*

आता सावंत.

सावंत म्हणजे मासे आणि मासे म्हणजे सावंत. सेंगकांगला त्याच्या घराजवळच्या मार्केटातली मासेवाली आजी मँडरिनमध्ये बोलायची, हा मालवणीत बोलायचा, आणि दोघांचं व्यवस्थित जमायचं. दुपारी फिश सूप, संध्याकाळी घरी कालवण. शनिवारी उपास म्हणे. विचारलं तर सांगायचा, "उपासच आहे. मटण नाही खात."

पण एक दुखणं होतं. पीआर. म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी. आम्ही सगळे नोकरीच्या पासवर. नोकरी आहे तोवर पास आहे. नोकरी गेली की गाशा गुंडाळा. सावंतची मुलगी सायली इथेच जन्मली, इथल्याच शाळेत जाते, मराठीत हाक मारली की इथल्यांसारखं "कमिंग, ला!" म्हणते. तिला उचलून कुठे न्यायचं? ही एकच काळजी त्याला खायची. त्याने अर्ज टाकला. नामंजूर. त्या दिवशी फिश सूप त्याच्यासमोर गार झालं.

दामलेचाही अर्ज त्याच सुमाराला नाकारून आला होता. पण तो म्हणायचा, "मला नकोच होतं. बायकोने टाकायला लावला." मुलगा ओजस सायलीच्याच शाळेत, तरी दामलेचं आपलं "नकोच होतं". विषय काढला की समोरच्या ताटाला नावं ठेवायला लागायचा. मग आम्ही विषय काढायचं सोडलं.

सावंतने दुसऱ्यांदा अर्ज टाकला आणि गावी आईला फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो असताना तिचा फोन आला.

"झिला, देवाक नवस बोललंय. तुझो पीआर होयसर तुझे मासे बंद, मटाणय बंद!"

सावंतच्या हातातला चमचा तसाच. "आये, नवस तू बोललंस, मगे मासे माझे कित्याक?"

"मी म्हातारी बाई. माझे मासे घेवन देव काय करतलो? देवाक मोठा कायतरी देवक व्हया!"

नुसता नवस नव्हे, गुरवाकडून रीतसर गाऱ्हाणं घातलं होतं. पीआर म्हणजे काय हे गुरवाला समजावताना अर्धी सकाळ गेली म्हणे. शेवटी त्याने आपल्या परीने घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या बायचो झील थंय सिंगापुराक पोटापाण्यासाठी गेलो हा. थंयच्या सरकारान तेचो कागद अडवून ठेवलो हा. त्या सरकाराक सुबुद्धी दे रे म्हाराजा!" आणि देवळातल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!"

सावंतने फोन ठेवला. समोरच्या फिश सूपकडे बघितलं. वाटी हळूच माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "वैशाली, तू खा. मला आता बघवत नाही."

मी खाल्लं. सोडायचं कशाला?

*

त्या दिवसापासून 'आज कुठे?' हा प्रश्न अवघड झाला. मांस-मासे दोन्ही बंद, आणि तेही सिंगापुरात! भात मागितला तर त्यावर अंडं, भाजी मागितली तर तिच्यात सुकी कोळंबी. दामलेला मात्र उकळ्या फुटत होत्या. इतकी वर्षं तो एकटा शाकाहारी, आता जोडीदार मिळाला. तो सावंतला नवा भरती झालेला शिपाई असावा तसा हाताशी धरून हिंडवायचा. "हे खाऊ नको, यात ऑयस्टर सॉस. ते खाऊ नको, त्यांची कढई एकच." सावंत मान खाली घालून मागे मागे.

आमच्या बॉस मिस लिम. पक्क्या सिंगापुरी, कडक बाई. टीम लंचला सावंत नुसता भात चिवडताना बघून त्यांनी विचारलं, काय झालं, पोट बिघडलंय का? सावंत लाजला. मला म्हणाला, तू सांग. आता नवस इंग्रजीत कसा सांगायचा? सांगितलं कसाबसा. वाटलं, बाई हसणार.

बाईंनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. गंभीरपणे म्हणाल्या, "माय मदर ऑल्सो! माझ्या परीक्षेसाठी तिने देवी क्वान यिनला सांगून वर्षभर बीफ सोडलं होतं. व्हेरी गुड मदर यू हॅव." मग जरा जवळ सरकल्या आणि आवाज खाली आणला. "तुझ्या आईला विचार ना, माझ्या मुलाच्या परीक्षेसाठी तुमच्या देवाला सांगता येईल का? मी माझं आवडतं फळ, ड्युरियन, सोडते." जरा थांबून घाईघाईने म्हणाल्या, "बट क्रॅब कॅनॉट, ला!"

*

मग कुणीतरी सांगितलं, मागच्या गल्लीत बौद्ध लोकांचा व्हेजिटेरियन स्टॉल आहे. गेलो. सावंत काचेपुढे उभा राहिला आणि दोन पावलं मागे आला. आत ओळीने मासे! तळलेले, वर काळी खवलेदार कातडी, तुकडीला अगदी सुरमईचा आकार.

"दामले, हे व्हेज? अरे, नवस मोडायला लावतोस काय!" म्हणत तो निघालाच. स्टॉलवाली आंटी झारा घेऊन मागे धावली. "नो फिश! नो फिश! ऑल बीन!" सोयाबीनचा मासा. कातडी म्हणजे समुद्रातल्या शेवाळाचा कागद.

आता पेच पडला. सोयाबीनचा मासा नवसात बसतो का? प्राची म्हणाली चालेल, मी म्हटलं खा रे, देव काय सिंगापूरला येऊन बघतोय? दामले म्हणाला, "फॉर्म बघायचा की सबस्टन्स, हा मूलभूत प्रश्न आहे." सावंत कुणाचं ऐकेना. त्याने आईला फोन लावला. आई म्हणाली, मी ठरवणारी कोण? गुरवाक विचारतंय.

आणि खरोखर, मंडळी, सोयाबीनच्या माशासाठी गावात देवाला कौल लावला! देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. इकडे आम्ही संध्याकाळपर्यंत कामात लक्ष नसलेले. पाचच्या सुमाराला ग्रुपवर सावंतचा मेसेज आला. "उजवी दिली देवान!" मिस लिमनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने पहिला घास घेतला. आम्ही तोंडाकडे बघतोय. "कसा आहे?"

"डोळे मिटून खाल्ला की सोयाबीन लागतो," सावंत म्हणाला. "उघडे ठेवले की मासा दिसतो. उघडेच ठेवतो."

दामलेने एक तुकडी चाखली आणि सुरू झाला. "रस्सा उतरलेला नाही, काटा नाही, माशाला जो एक धागा असतो तो नाही."

"तुला रे काय कळतं माशातलं?" मी म्हटलं. "जन्मात कधी खाल्लायस का?"

"ऑडिटरला धंदा कळावा लागत नाही, बाई. चूक कळावी लागते!"

*

मध्येच कंपनीने सावंतला नव्या सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगला व्हिएन्नाला पाठवलं. जहाजांच्या कंपनीचं ट्रेनिंग, आणि समुद्र नसलेल्या देशात! सावंत मात्र खूश. म्हणाला, "समुद्रच नाही म्हणजे मासेही नसणार. मोहच नको."

त्याची दुपार म्हणजे आमची घरी जायची वेळ. मी बुकित पंजांगच्या गाडीत, दामले सेंगकांगच्या गाडीत, आणि ग्रुपवर उलटा प्रश्न. सावंत विचारतोय, "आज कुठे?" मग आम्ही इथल्या गर्दीत लोंबकळत त्याच्यासाठी व्हिएन्नातली हॉटेलं शोधतोय. एक दिवस बटाट्याचं सॅलड, एक दिवस चीजमध्ये शेवया घातल्यासारखं काहीतरी. एक दिवस नुसता केक. राजवाड्यासारखं कॅफे, पांढरेशुभ्र रुमाल, चांदीचा ट्रे, आणि आमचा सावंत दुपारच्या जेवणाला केक खातोय. दामलेने इथून ऑब्झर्वेशन टाकलं, "फोटोवरून कोरडा वाटतोय."

चौथ्या की पाचव्या दिवशी त्याने वेटरला निक्षून सांगितलं, "नो मीट." वेटर म्हणाला, समजलं. आणि घेऊन काय आला? आख्खा मासा! नदीतला, लोण्यात परतलेला, वर लिंबाची चकती. त्याच्या हिशेबी मासा म्हणजे मांस नव्हेच.

सावंतने ग्रुपवर फोटो टाकला. खाली एकच शब्द. "वाचवा."

मी दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. काय लिहिणार? तो तिथे एकटा. बघणारं कुणी नाही. खाल्ला असता तर कोणाला कळलं असतं? मला तर मनापासून वाटलं, खा रे बाबा, किती दिवस झाले! पण अर्ज तिकडे कुणाच्या तरी टेबलावर पडलेला. अशा वेळी भल्याभल्यांचा धीर सुटतो.

सावंतने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन ताटावर धरला. आई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "बरो दिसता. आता पोटभर बघ, आणि पाव खा."

त्याने पाव खाल्ला. वेटर काळजीने धावत आला, मासा चांगला नाही का, साहेब? सावंत म्हणाला, "व्हेरी गुड. आय ॲम लुकिंग."

*

आणि पीआर झाला! सावंत ऑफिसात ओरडला तेव्हा आम्हाला वाटलं, जहाज बुडालं. तो मोबाइल धरून नुसता उभा. मग बसला आणि ढसाढसा रडला. मीही रडले, मला काही मिळालं नव्हतं तरी. मिस लिमनी सगळ्यांना कॉफी पाजली. दामलेने त्याला मिठी मारली, "अभिनंदन, लेका" म्हणाला आणि लगेच कॉफी कशी जळकी आहे ते सांगायला लागला. मला त्या वेळी त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही.

सावंतने आईला बोलावून घेतलं. म्हातारी गावी नवस फेडून, नारळाचा प्रसाद घेऊन पहिल्यांदा विमानात बसली. ईस्ट कोस्टला समुद्राकाठी सीफूडची हॉटेलं आहेत, तिथे आम्ही सगळे जमलो. टेबलावर खेकडे, कोळंबी, वाफवलेला आख्खा मासा. दामलेसाठी परतलेली पालेभाजी.

सावंत मासा पुढ्यात घेऊन बसला. सगळे थांबलो. त्याने पहिला तुकडा काढला आणि आईच्या ताटात ठेवला. "आये, आधी तू."

म्हातारीने तो उचलला. तुकडा तोंडात घातला आणि डोळे पुसले. सावंतने विचारलं, "तिखट आसा काय?"

"नाय रे. इतक्या दिवसान खातंय ना, म्हणान."

"इतक्या दिवसान? तुझे मासे खंय बंद होते?"

"मेल्या, तू उपाशी आणि मी खावू? माझ्या घशाखाली उतारला असता?"

समुद्राच्या काठी घर, दारात कोळीण येते, आणि ही बाई इतके दिवस नुसती आमटी-भात खात होती! बोलली नाही कुणाला. मी पदर नसल्यामुळे टिश्यूचं आख्खं पुडकं संपवलं.

मग चिली क्रॅब आला. म्हातारीने एक नांगी चोखली. "ह्येका साखर घातल्यानी? कुर्लेक? देवा म्हाराजा!" सगळे हसलो आणि गाडी रुळावर आली.

दामलेने तेवढ्यात आपलं सुरू केलं होतं. "भाजी जास्त परतलीय, लसूण कच्चा, मीठ एका बाजूला." म्हातारी त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, "बाबा, तुझा काय? तुझो कागद इलो?"

दामलेच्या बायकोने मान खाली घातली. "मला नकोच आहे मावशी," दामले म्हणाला.

"नको कसो? पोर हंय शाळेक जाता ना तुझो?" म्हातारी काही सोडायला तयार नाही. "नवस बोल."

"माझा नाही हो विश्वास असल्या गोष्टींवर. आणि मी मासे खात नाही, मटण खात नाही. सोडू काय?"

"तुका सोडूक काय कमी?" म्हातारीने नांगी त्याच्याकडे रोखली. "नावां ठेवणा सोड!"

आम्ही हसून हसून टेबलावर पडलो. सगळ्यात मोठ्याने दामले हसला. "मावशी, ते सोडलं तर मी जगू कसा?"

"म्हणान तर सांगतंय," म्हातारी म्हणाली. "सोपो असलो तर तो नवस कसलो?"

*

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. म्हातारी गावी परतलेली. एका सोमवारी ग्रुपवर दामलेचंच नेहमीचं "आज कुठे?" आणि कुणी काही सुचवायच्या आत त्याचंच उत्तर, "त्या मिसळवाल्याकडे जाऊ."

गेलो. मॅनेजर तोच. दामलेला बघून त्याने मेनू छातीशी धरला. नवीन आचारी आला होता म्हणून मेनूवरची पांढरी पट्टी काढली होती. दामलेने मिसळ मागवली. सावंतने पापलेट फ्राय, मी आणि प्राचीने बिर्याणी.

मिसळ आली. राजमा होताच, चीज होतंच, नान होता. या वेळी वर अननसाचे तुकडेही होते.

प्राचीने टेबलाखालून माझा हात घट्ट धरला. मॅनेजर लांबूनच, किचनच्या दारापाशी उभा, पळायच्या तयारीत. दामलेने एक चमचा तोंडात घातला. कपाळाची शीर फुगली. तो पाणी प्यायला. दुसरा चमचा घेतला. परत पाणी प्यायला. मॅनेजर भीत भीत पुढे आला. "सर... खाना?"

दामलेने त्याच्याकडे बघितलं, मग छताकडे बघितलं.

"अच्छा है," म्हणाला. मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाला, "छान आहे."

मॅनेजरने खुर्चीचा आधार घेतला. "सर, तबियत तो ठीक है ना?"

प्राची बघतच राहिली. माझा घास हातात. फक्त सावंत शांतपणे पापलेटाचा काटा काढत होता. काटा ताटाच्या कडेला ठेवून तो दामलेकडे वाकला आणि हळूच म्हणाला, "अर्ज कधी टाकलास?"

दामलेने मिसळीतला अननसाचा तुकडा चमच्यात घेतला, डोळे मिटले आणि तोंडात टाकला.